पाकिटातून आलेला उबुंटू

लिनक्सवर गेम खेळणाऱ्यांत उबुंटू इतकी वर्षं पुढे का राहिला, याचं उत्तर माझ्या मते टपालाच्या पाकिटात आहे. २००५ पासून उबुंटूमागची कॅनॉनिकल कंपनी ‘शिपइट’ योजनेतून उबुंटूच्या सीडी जगभर फुकट पाठवायची, टपालखर्चासकट. २०११ मध्ये योजना बंद झाली.

मुंबईत बोरिवली-मुलुंडच्या कॉलेजातल्या पोरांना त्याचं मोल काय होतं? ७०० एमबीची सीडी ५६ केबीपीएसच्या डायल-अपवरून उतरवायला पूर्ण वेगातही जवळपास २८ तास लागतात. तेवढा वेळ घरचा फोन अडकलेला, बिल चढतं. जुहूची एनसीएसटी ही संगणक-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८०च्या दशकातच ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली होती. त्याच उपनगरांतल्या घरांत लिनक्स मात्र पोस्टमनने आणला. त्याआधी ‘पीसीक्वेस्ट’ मासिक १९९६ पासून सीडीवर लिनक्स देत असे, पुढे रेड हॅट या लिनक्सच्या प्रकारावर बेतलेला. जुन्या मंडळींच्या तोंडी रेड हॅट बसला तो त्यामुळेच.

२०१२ मध्ये वॉल्व्ह या गेम कंपनीने ‘स्टीम’ हे आपलं गेमचं ऑनलाइन दुकान लिनक्सवर आणायला घेतलं, ते एकट्या उबुंटूपासून. तो लोकप्रिय आहे, हे एक कारण त्यांनी उघड सांगितलं. लोकप्रिय कशाने झाला? बसवायला सोपा म्हणून, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. मँड्रेक हा लिनक्सचा दुसरा प्रकार आधीपासून सोपा होता, तरी मागे पडला. सोपेपणा कळायला आधी सीडी हातात पडावी लागते.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं वाईन १९९३ चं, त्यावर बेतलेलं प्रोटॉन २०१८ चं. त्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. उबुंटूला खरा तडा गेला २०१९ मध्ये. ३२-बिट पॅकेजेस बंद करायचं त्याने जाहीर केलं. स्टीम आणि कितीतरी जुने गेम तेव्हा त्यांवरच चालत. वॉल्व्हकडून पाठिंबा काढण्याचा इशारा येताच काही दिवसांत कॅनॉनिकलने माघार घेतली. २०२२ मध्ये वॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला तो आर्च लिनक्सवर बेतलेला स्टीमओएस घेऊन, आणि स्टीमच्या पाहणीत लिनक्सच्या यादीत तोच वर गेला. इथेही हातात पडलेली वस्तूच जिंकली.

डेक भारतात अधिकृतपणे विकला गेला नाही, तेव्हा घाटकोपरच्या पोराकडे आर्च फायबरवरूनच पोचला असणार. आता सीडीऐवजी आयएसओ फाइल मिनिटांत उतरते, म्हणून बझाइट, कॅचीओएस, मिंट अशा लिनक्सच्या प्रकारांत आवडीनुसार पांगापांग दिसते. अंधेरीच्या गेमिंग कॅफेत मात्र यातलं काही शिरत नाही. व्हॅलोरंट या गेमचं फसवणूक रोखणारं व्हॅनगार्ड लिनक्सवर चालत नाही, आणि लिनक्सवर चालणाऱ्या एकट्या काउंटर-स्ट्राइक २ साठी कॅफेवाला विंडोज काढणार नाही.