गोदेचे पाणी आणि बिअरच्या चार शैली

१/
वैजापूर तालुका गोदावरीच्या उत्तर काठावर, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेला आहे. बाजरी, कापूस आणि कांदा ही येथली पिके. अवर्षणाच्या वर्षी टँकरची वाट पाहणे हेही येथे नवे नाही. येथून गंगापूरमार्गे पूर्वेकडे गेले की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते आणि तेथे देशातील मोठमोठे बिअरचे कारखाने उभे आहेत. तहानलेल्या मुलखात ही बिअर आली कशी, हा एक प्रश्न. बिअरच्या निरनिराळ्या शैलींत जी चव लागते ती मुळात कशाची, हा दुसरा. दोन्हींचा माग पाण्यापाशी जाऊन थांबतो. #थ्रेड

२/
आधी कृती. जवाला मोड आणून ते भाजले की माल्ट तयार होतो. तो गरम पाण्यात भिजवून गोड काढा काढतात, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले उकळतात आणि निवल्यावर यीस्ट घालून तो आंबवतात. तयार पेयात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. पाण्यातील क्षार बदलण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणालाच नीट अवगत नव्हती. म्हणून ज्या गावच्या विहिरीला जसे पाणी, तशी त्या गावची बिअर.

३/
धान्य आंबवून मद्य करणे भारताला परके नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ‘मेदक’ या तांदळाच्या मद्याचे प्रमाण दिले आहे : एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. किण्व म्हणजे आंबवण. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आज जो ‘किण्वन’ शब्द येतो, तो याच घराण्यातला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर परदेशी वेशातील मंडळी हातात चषक घेऊन बसलेली दिसतात. मात्र हॉप्स घातलेली कडू बिअर दख्खनला आली ती जहाजातून.

४/
पहिली शैली : इंडिया पेल एल, म्हणजेच आयपीए.
लंडनच्या पूर्वेस बो येथे जॉर्ज हॉजसन याचा बिअरचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जवळच नांगरत. जहाजांच्या कप्तानांना स्वतःचा खासगी माल नेण्याची मुभा असे. हॉजसन त्यांना लांब मुदतीच्या उधारीवर बिअर देई. जहाज आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून, काही महिन्यांनी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागे. एवढ्या प्रवासात ही फिकट, भरपूर हॉप्स असलेली बिअर नासत नसे. उलट मुरत असे.

५/
‘हॉजसनने हिंदुस्थानासाठी मुद्दाम ही बिअर शोधून काढली’ ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खरी नाही. इंग्लंडच्या जमीनदारांच्या तळघरांत वर्ष-दोन वर्षे मुरणारी ‘ऑक्टोबर बिअर’ आधीपासूनच होती आणि जास्त हॉप्स घातले की बिअर टिकते, हेही सर्वांना ठाऊक होते. हॉजसनपाशी नवा शोध नव्हता. त्याच्यापाशी बंदर जवळ होते आणि उधार देण्याची तयारी होती. ‘इंडिया पेल एल’ हे नाव तर १८३० च्या आगेमागे जाहिरातींत रूढ होऊ लागले.

६/
१८२० च्या दशकात कंपनीच्या एका संचालकाने बर्टन-ऑन-ट्रेंट गावच्या सॅम्युअल ऑलसॉप याला ही बिअर करून पाहण्यास सांगितले. पहिला नमुना चहाच्या किटलीत शिजवला, अशी आख्यायिका आहे. बर्टनची बिअर लंडनच्या बिअरपेक्षा सरस उतरली, याचे कारण कारागिरीइतकेच जमिनीत होते. तेथील विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपते. त्यातील सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार लागतो. पुढे इतर गावचे उत्पादक आपल्या पाण्यात जिप्सम घालू लागले आणि त्या क्रियेला ‘बर्टनायझेशन’ हे नावच पडले.

७/
आयपीएचा आजचा अवतार बर्टनपेक्षा अमेरिकेकडून आलेला आहे. त्यात कडूपणाबरोबर संत्र्या-मोसंबीच्या सालीसारखा फळांचा गंध असतो. मुंबईच्या गेटवे ब्रुइंग कंपनीची ‘लाइक दॅट ओन्ली’ आणि गोव्याची ‘एट फिंगर एडी’ ही या शैलीची आपल्याकडची ठळक नावे. ज्या बिअरच्या नावात ‘इंडिया’ आहे, ती भारतात पुन्हा रुजायला एकविसावे शतक उजाडावे लागले, हा इतिहासाचा एक गमतीदार वळसा.

८/
दुसरी शैली : पोर्टर आणि तिची सख्खी बहीण स्टाउट.
आयपीए हे साहेबांचे पेय होते. अधिकारी आणि व्यापारी ते पीत. साध्या गोऱ्या शिपायाच्या वाट्याला येई ती काळी पोर्टर. तीही पिंपे भरभरून हिंदुस्थानात पाठवली जात असे. लंडनच्या हमालांत ती लोकप्रिय होती, म्हणून नाव पोर्टर. खरपूस भाजलेल्या माल्टमुळे तिला कॉफी, चॉकलेट आणि करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्याची आठवण करून देणारी चव येते. इतिहासाची पुस्तके मात्र आयपीएचेच गुणगान करतात, कारण आठवणी लिहून ठेवणारे साहेब होते.

९/
त्या शिपायांचा एक तळ वैजापूरहून फार दूर नव्हता. नाशिकजवळ देवळाली येथे इंग्रजी फौजेची छावणी होती. मायदेशी परतणाऱ्या शिपायांना मुंबईहून जहाज मिळेपर्यंत तेथे थांबावे लागे. जहाजांचा हंगाम चुकला की मुक्काम महिनोन्‌महिने लांबे. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने माणसे भ्रमिष्ट होत. ‘देवळालीचा ताप’ इंग्रजी बोलीत ‘डूलाली टॅप’ झाला आणि ‘डूलाली’ म्हणजे वेडा, हा अर्थ कायम झाला. २००९ मध्ये पुण्यात महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. तिचे नाव ‘डूलाली’. गावाचे नाव शिवी होऊन विलायतेला गेले आणि बिअर होऊन परत आले.

१०/
काळ्या बिअरचेही पाण्याशी नाते आहे. लंडन आणि डब्लिनच्या पाण्यात कार्बोनेट क्षार अधिक. असे पाणी अल्कधर्मी असते. फिकट माल्टची चव त्यात बिघडते. खरपूस भाजलेला माल्ट आम्लधर्मी असल्याने तो या पाण्याला सावरून घेतो. दख्खनच्या बेसॉल्ट खडकातून झिरपणारे विहिरीचे पाणीही साधारणतः बायकार्बोनेट क्षारांचे. ज्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, असे जड पाणी. निव्वळ रसायनाच्या हिशेबाने पाहिले, तर वैजापूरच्या विहिरीला फिकट बिअरपेक्षा काळी अधिक मानवली असती.

११/
तिसरी शैली : गव्हाची बिअर.
१५१६ मध्ये बव्हेरियाच्या राजवटीने फर्मान काढले की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घालावे. शुद्धतेचा कायदा म्हणून त्याचा गौरव होतो. पण गहू पावासाठी राखून ठेवणे, हाही त्यामागचा एक हेतू मानला जातो. गंमत अशी की गव्हाची बिअर करण्याचा हक्क एका सरदार घराण्याला मिळाला आणि १६०२ पासून तो खुद्द राजघराण्याच्या तिजोरीत गेला. प्रजेला जे निषिद्ध, ते राज्यकर्त्यांचे उत्पन्न झाले. अबकारी धोरणाचा हा नमुना पुढेही अनेक देशांत दिसतो.

१२/
जर्मन गव्हाच्या बिअरला केळी आणि लवंगेचा गंध येतो. त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. तो गंध यीस्टची करामत. बेल्जियमची पद्धत निराळी : तीत धणे आणि संत्र्याची साल घालतात. ही बेल्जियन शैली १९५० च्या दशकात जवळजवळ नामशेष झाली होती. हूगार्डन गावात दूध घालण्याचा व्यवसाय केलेल्या पिएर सेलिस याने १९६० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. भारतीय जिभेने सहज आपलीशी केली ती हीच गव्हाची शैली. कडूपणा कमी आणि मसाल्याचा वास ओळखीचा. गेटवेची ‘व्हाइट झेन’ ही जर्मन वळणाची, तर व्हाइट आउलची ‘स्पार्क’ बेल्जियन वळणाची.

१३/
चौथी शैली : फिकट लागर.
५ ऑक्टोबर १८४२ रोजी बोहेमियातील पिल्सेन गावात योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने सोनेरी, नितळ बिअरचा पहिला घाणा लावला. पिल्सेनचे पाणी विलक्षण मृदू. क्षार जवळजवळ नाहीतच. त्यामुळे फिकट माल्ट आणि स्थानिक हॉप्स यांची नाजूक चव झाकली गेली नाही. लागर थंडीत सावकाश मुरवावी लागते. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेच्या शीतयंत्राने ही अट कुठल्याही हवामानात पुरी करता येऊ लागली. हिवाळा विकत मिळू लागला.

१४/
राहिले यीस्ट. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन याने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. कंपनीने ते गुपित न ठेवता इतर उत्पादकांनाही दिले. शीतयंत्र, शुद्ध यीस्ट आणि पाण्याचे रसायन हाताशी आल्यावर बिअर गावापासून सुटली. आता पाण्यातील सारे क्षार गाळून टाकायचे आणि हवे ते मोजून घालायचे. पिल्सेन कुठेही उभारता येते. त्याच कार्ल्सबर्गचा एक कारखाना आज छत्रपती संभाजीनगरला आहे.

१५/
बिअर मराठवाड्यात आली ती अशी, गावापासून सुटून. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. नाथसागराची एकूण साठवण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. दुष्काळी मराठवाड्याच्या शेतीसाठी बांधलेल्या या जलाशयावर पुढे शहर आणि वाळूजसारख्या वसाहतीही वाढल्या. मुंबई आणि पुण्याची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर, जमीन उपलब्ध, पाणी नळाने. १९४९ चा दारूबंदी कायदा ज्या राज्यात आजही लागू आहे, त्याच राज्यात बिअरचे हे मोठे केंद्र उभे राहिले.

१६/
या बिअरमध्ये मराठवाड्याचे काय आहे? जव प्रामुख्याने राजस्थान, हरियाणाकडचे. हॉप्स बहुतांशी परदेशी. यीस्ट प्रयोगशाळेतील. शैली बोहेमियाची. स्थानिक आहे ते केवळ पाणी आणि तेही स्वतःची चव पुसून टाकलेले. एक लिटर बिअरसाठी धुणे, थंड करणे, वाफ हे सारे धरून साधारणतः तीन ते पाच लिटर पाणी लागते. बर्टनला पाण्याचा गुण महत्त्वाचा होता. येथे उरली ती फक्त मात्रा.

१७/
आणि मात्रेचा प्रश्न २०१६ च्या उन्हाळ्यात न्यायालयात गेला. जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी नेले जात होते. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ५० टक्के आणि मे महिन्यात ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांसाठी ही कपात आधी २० व नंतर २५ टक्के होती. कारखान्यांची बाजू अशी की धरणाच्या एकूण पाण्यात त्यांचा वाटा अल्प आहे आणि त्यावर हजारोंचा रोजगार व राज्याचा महसूल अवलंबून आहे. दुसरी बाजू अशी की रिकाम्या हंड्यापुढे टक्केवारीचा हिशेब मांडता येत नाही.

१८/
दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद दर अवर्षणात परत येतो. वैजापूर या वादाच्या मधोमध आहे. त्याला कालव्याचे पाणी मिळते ते वरच्या अंगाच्या नांदूर-मधमेश्वरकडून, निफाड तालुक्यातून; आणि खालच्या अंगाला पैठण. नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचे यावर दोन प्रदेश भांडतात, तेव्हा नदी ज्या तालुक्याच्या शिवेवरून वाहत जाते, त्याच्या तहानेची नोंद क्वचितच होते.

१९/
चारही शैलींची तुलना करायची तर ती अशी. कडूपणात आयपीए अव्वल, खोलीत स्टाउट, गंधात गव्हाची बिअर, नितळपणात लागर. इतिहासाच्या अंगाने पाहता सर्वांत थोर आयपीए ठरत नाही. तिची कीर्ती बरीचशी दंतकथेवर उभी आहे. तो मान पोर्टरला द्यावा : ती खऱ्या अर्थाने शिपायाची आणि हमालाची. दख्खनच्या उन्हाला मात्र धण्याच्या गंधाची गव्हाची बिअर सर्वांत मानवते. आस्वाद घ्यायचा तर गहू, लागर, आयपीए, स्टाउट असा क्रम ठेवावा; कडू आणि करपट चव आधी घेतली, तर नाजूक चव जिभेला कळत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि परवानाही लागतो.

२०/
लागरबद्दल एवढेच. ती सर्वांत साधी वाटते, परंतु तिच्यामागे शीतयंत्र, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन आणि धरण अशी चार मोठी कामे उभी आहेत. वाळूजहून निघालेल्या बाटलीवर सिंह, हत्ती, राजमुकुट, परदेशी गाव असे काहीही छापलेले असू शकते. गोदावरीचे नाव त्यावर नसते. बर्टन आणि पिल्सेन यांनी आपल्या पाण्याचे नाव जगभर नेले. गोदेचे पाणी मात्र निनावी राहते आणि त्याची आठवण निघते ती नाथसागराचा तळ उघडा पडतो तेव्हा.

(समाप्त)