बिब्बा, उरुशी आणि माझं अर्धवट शिरस्त्राण

ज्यांना कानात घालायला वेळ नाही आणि लोकलमध्ये वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोललो तसाच, फक्त मधले ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं ना’ काढून टाकलेत.

सुरुवात माझ्या मनगटापासून. एका कॉमिक कन्व्हेन्शनसाठी मी कार्बन फायबरचं शिरस्त्राण बनवत होतो. दिवसा कोड लिहायचा, रात्री बाल्कनीत साच्यावर कापड बसवायचं आणि ब्रशने इपॉक्सी रेझिन पाजायचं. हातमोजे घालायचे, हा नियम पाठ होता. तिसऱ्या रात्री मोजे संपले. रेझिन तर कालवून झालेलं, अर्ध्या तासात घट्ट होणार. म्हटलं, आता दोनच कोपरे राहिलेत, बोटाने दाबून टाकू. दाबले.

दोन दिवसांनी मनगटापर्यंत पुरळ, बारीक फोड आणि झोप उडवणारी खाज. त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, इपॉक्सीची ॲलर्जी आहे, आणि ही सहसा जन्मभर सोबत राहते. पुढच्या वेळी थेंबभरही पुरेल. व्हिडिओ कॉलवर आजीने हात बघितला आणि एका सेकंदात निदान केलं, “अरे, बिब्बा उतलाय तुला! कुठं हात घातलास?”

मी हसलो. हिंजवडीत कुठला आलाय बिब्बा? पण नंतर वाचत गेलो आणि लक्षात आलं, आजी अगदी जवळ पोचली होती. आजचा भाग त्या जवळपासच्या गोष्टीचा आहे.

बिब्बा म्हणजे काय, हे आपल्या वयाच्या लोकांना सांगावं लागतं. त्या काळ्या बीचं तेल इतकं चिवट की परीट त्याने कपड्यांवर खुणा करायचे, आणि त्या धुऊन जायच्या नाहीत. तेच तेल अंगाला लागलं की कातडी उतते. बिब्बा, काजू आणि आंबा हे एकाच कुळातले. कोकणात काजूच्या टरफलाच्या तेलाने हात सोलवटलेले कुणी ना कुणी तुमच्या ओळखीत असेलच. याच कुळातलं आणखी एक झाड चीन-जपानमध्ये आहे. त्याच्या खोडाला चिरा पाडून जो चीक काढतात, त्याला जपानीत उरुशी म्हणतात. तोही अंगावर उततो. आणि वाळला की पाणी, आम्ल, किडे, कशालाच दाद देत नाही. थोडक्यात, झाडातून आलेलं रेझिन.

गंमत म्हणजे उरुशी उन्हात वाळत नाही. तिला दमट हवा लागते, कारण चिकातलं एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन घेऊन ती घट्ट करतं. म्हणून कारागीर वस्तू मुद्दाम ओलसर ठेवलेल्या कपाटात वाळवतात. आपल्या पावसाळ्यात हे काम झकास झालं असतं!

आता चला आठव्या शतकातल्या नारा शहरात. तिथल्या कोफुकुजी मंदिरात ७३४ सालची अशुराची मूर्ती आहे. अशुरा म्हणजे आपला असुर, बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिकडे गेलेला. तीन तोंडं, सहा हात, उंची साधारण दीड मीटर. आणि वजन? सुमारे पंधरा किलो. म्हणजे विमानात चेक-इन होईल इतकं.

कारण ती आतून पोकळ आहे. आधी लाकडी सांगाड्यावर मातीचा आकार घडवला. त्यावर हेंपचं, म्हणजे तागासारख्या धाग्याचं, कापड उरुशीत भिजवून एकावर एक थर चढवले. कडक झाल्यावर पाठ कापून आतली माती काढून टाकली, आकार पिचकू नये म्हणून आत नवा लाकडी आधार दिला आणि पाठ पुन्हा शिवली. वरून उरुशी आणि भुशाच्या लगद्याने नाक, डोळे, बोटं कोरली आणि शेवटी रंग दिला. हे वाचताना मी उडालोच. शाडूचा आकार, कापड, चिकट द्रव, वाट बघणं, आतला आकार काढणं. माझ्या बाल्कनीतलं काम आणि हे काम यात फक्त मालाचा फरक होता.

तत्त्वही तेच. नुसता धागा ओढला तर तुटत नाही, पण उभा राहत नाही. नुसतं रेझिन उभं राहतं, पण आपटलं की तडकतं. दोघं एकत्र आले की धागा ताण घेतो आणि रेझिन धाग्याला जागेवर धरून ठेवतं. आजच्या भाषेत कॉम्पोझिट.

हलकेपणाचा खरा उपयोग पुढे दिसला. कोफुकुजीला बरेचदा आगी लागल्या. ११८० मध्ये तायरा घराण्याच्या सैन्याने नारावर हल्ला केला, तेव्हा मंदिर जवळजवळ बेचिराख झालं. अशुरा वाचला. इतकी हलकी मूर्ती माणसांना उचलून बाहेर पळता आलं, म्हणून तो वाचला, असं मानतात. ब्राँझची असती तर कुणी हलवली असती?

आणि प्रॉप्स म्हणाल, तर तेही तिथेच आहेत. ७५२ मध्ये नाराच्या तोदाइजी मंदिरात महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रेखली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या. त्या सोहळ्यात गिगाकु नावाचा मुखवट्यांचा खेळ झाला. डोकं झाकणारे ते मुखवटे आजही शोसोइन भांडारात जपून ठेवलेत. बरेच लाकडाचे आहेत, पण काही याच कापड-उरुशीचे. कॉस्प्ले हा शब्द १९८० च्या दशकातला, वस्तू मात्र बाराशे वर्षं जुनी.

मग कार्बन कुठून आला? एडिसनच्या दिव्यातून. १८७९ मध्ये त्याने सुती धागा जाळून, म्हणजे हवेशिवाय भाजून, कोळशाची तार केली. पुढच्या वर्षी बांबू वापरला, आणि सगळ्यात चांगला ठरलेला बांबू जपानमधल्या क्योतोजवळच्या यावाता गावचा निघाला. पण ती तार उजेडासाठी होती, ताकदीसाठी नाही. ताकद दिसली १९५८ मध्ये, अमेरिकेत ओहायोमध्ये युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत रॉजर बेकनने ग्रॅफाइटचे केसासारखे तंतू बनवले तेव्हा. १९६१ च्या सुमारास ओसाकात अकिओ शिंदो यांनी स्वेटरच्या लोकरीत असतो तसला ॲक्रिलिक धागा भाजून कार्बन तंतू काढून दाखवला. आजही बहुतेक कार्बन फायबर त्याच वाटेने बनतो. एक तंतू पाच ते सात मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा.

हा प्रवास सरळ नव्हता. रोल्स-रॉइसने जेट इंजिनाच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करायचं ठरवलं. १९७० मध्ये पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती पाती टिकली नाहीत. टायटॅनियमकडे वळावं लागलं, इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. धागा ओढण्यात वाघ, पण आडवा फटका बसला की वेगळी गोष्ट. दहा वर्षांनी जॉन बार्नार्डने मॅक्लारेनची एमपी४/१ ही फॉर्म्युला वन गाडी कार्बन फायबरची केली. लोक म्हणाले, आदळली की भुगा होईल. १९८१ मध्ये मोंझाला जॉन वॉटसनची गाडी भिंतीवर आदळून दोन तुकडे झाली आणि वॉटसन चालत बाहेर आला. शंका तिथे संपली.

आणि इथेच आपल्या छंदाची गोम आहे. १९७७ च्या स्टार वॉर्समधलं डार्थ व्हेडरचं शिरस्त्राण फायबरग्लासचं होतं. ब्रायन म्युअरने मातीत घडवलेला आकार, त्याचा साचा, काचेचा धागा आणि रेझिन. म्हणजे पुन्हा नाराच. वरून काळा रंग, आत काय आहे ते कुणाला दिसलं नाही. आपण मात्र कार्बनची ती तिरकी चमकदार वीण दिसावी म्हणून वरून पारदर्शक रेझिन लावतो. शर्यतीच्या गाड्यांमुळे ती वीण म्हणजे ‘वेग’ असं समीकरण झालं. नाराच्या कारागिराने कापड लपवलं, कारण त्याला देव दाखवायचा होता. मला कापडच दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर डोक्यावर घालायच्या प्रॉपला कार्बनची गरजच नव्हती, साधं फायबरग्लास चाललं असतं. हौस होती. तिची किंमत मनगटाने दिली.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. उरुशीचे काही कारागीर वर्षानुवर्षं काम करून तिला सरावतात, असं सांगतात. इपॉक्सीच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका. जितकं जास्त लागेल, तितकी ॲलर्जीची शक्यता जास्त. म्हणून नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिडकी उघडी, आणि घासताना पाण्याने ओलं करून घासा, चांगला मास्क लावून. मोजे संपले तर काम थांबवा. पन्नास रुपयांचं रेझिन वाया जाऊ द्या.

शिरस्त्राण पूर्ण झालं, पण माझ्या हातून नाही. माझ्या रूममेटने दोन-दोन मोजे चढवून शेवटचे थर लावले. मी दाराबाहेर उभा राहून सूचना देत होतो, म्हणजे आमच्या टीम लीडसारखा. वजन भरलं साडेपाचशे ग्रॅम. कन्व्हेन्शनमध्ये एका लहान मुलाने टकटक वाजवून विचारलं, “लोखंडाचं आहे?” मी म्हटलं, “नाही रे, कापडाचं आहे.” त्याचा विश्वास बसला नाही.

आजीला फोटो पाठवला. तिचा एकच प्रश्न आला, “त्या दुसऱ्या पोराला उतला नाही ना?”

नाही उतला, आजी. भेटू पुढच्या भागात.