भाड्याच्या मैदानावरचा स्पीडवे

स्पीडवेच्या मोटरसायकलला ब्रेकच नसतो, बरं का. गिअर एकच. चार स्वार, मातीच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, मिनिटभरात निकाल. १९ फेब्रुवारी १९२८ ला लंडनजवळच्या हाय बीचला शर्यती झाल्या, हजारोंची गर्दी उसळली आणि हे वेड ब्रिटनभर पसरलं. १९८१ मध्येसुद्धा जागतिक अंतिम फेरीला वेम्बली भरलं होतं.

मग हा खेळ आटला का? प्रेक्षक घटले, असं आपण चटकन म्हणतो. ते खोटं नाही. पण जमीन कोणाची, हे विचारायचं आपण विसरतो. बहुतेक क्लब भाडेकरू! वुल्वरहॅम्प्टनचा करार २०२३ नंतर वाढवलाच नाही. त्याच मैदानावर कुत्र्यांच्या शर्यती मात्र चालू राहिल्या. कॉव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम बिल्डरांकडे गेलं, २०१६ नंतर तिथे शर्यत नाही.

मँचेस्टरच्या बेल व्ह्यू क्लबचंही जुनं मैदान १९८७ मध्ये विकलं गेलं. पुढे जवळजवळ तीन दशकं ते कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात भाडेकरू म्हणून राहिले. २०१६ मध्ये महापालिकेच्या मदतीने खास स्पीडवेसाठी स्टेडियम उभं राहिलं. उद्याचा विचार करताना आम्हाला तिकीटविक्रीच्या आकड्यांपेक्षा हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं. अशा आणखी महापालिका पुढे यायला हव्यात.