चिलखत किती भरवशाचं? जावळीपासून पातळी सहापर्यंत

मागच्या व्याख्यानात आपण किल्ल्यांच्या तटबंदीबद्दल बोललो. आज अंगावरच्या तटबंदीबद्दल बोलू. माझा विषय तत्त्वज्ञान, शस्त्रविद्या नव्हे. पण ‘हे चिलखत गोळी अडवतं’ असं कुणी म्हणतो, तेव्हा त्याला नेमकं काय माहीत असतं, हा प्रश्न दोन्हीकडचा आहे. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात तो पुस्तकीही नाही. फौजी आंबवडे हे गाव महाड तालुक्यातच आहे, आणि आजच्या श्रोत्यांतही घरात वर्दी असलेले पुष्कळ असणार.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९. अफजलखानाच्या भेटीला जाताना महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता. वाघनखं आणि बिचवा सगळ्यांच्या तोंडी आहे. चिलखताचं नाव आपण उरकल्यासारखं घेतो. सभासदाच्या बखरीप्रमाणे खानाचा वार या चिलखतावरून घसरला, अंगाला लागला नाही. जदुनाथ सरकारांच्या वर्णनात पुढची एक गोष्ट आहे. सय्यद बंडाच्या तलवारीने मंदिल कापला गेला आणि खालच्या टोपाला खोल पोचा पडला.

तो पोचा लक्षात ठेवा. टोपाने धार अडवली, पण वाराचा जोर कुठे गेला? थोडा पोलादाने घेतला, उरलेला डोक्याकडे गेला. पोचा आणखी खोल गेला असता तर टोप न फुटताही माणूस गेला असता. चिलखताची आजची सगळी परीक्षा याच दोन प्रश्नांवर उभी आहे. आरपार गेलं का? आणि गेलं नसेल तर आत किती दबलं?

दुसऱ्या प्रश्नासाठी जाकिटाच्या मागे माती ठेवतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत शाडू मळलेला तुम्ही पाहिला असेल. ही तशीच मऊ, पण तेलातली माती असते. तिचा मऊपणाही आधी तपासतात. साधारण एक किलोचा पोलादी गोळा दोन मीटर उंचीवरून तिच्यावर सोडायचा आणि खड्डा मोजायचा. माती फार घट्ट किंवा फार सैल असेल तर चाचणी बाद. मग जाकीट बांधून गोळी झाडायची आणि मागचा खड्डा मोजायचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय न्याय संस्थेच्या मानकात त्याची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. हा आकडा १९७० च्या दशकातल्या शेळ्यांवरच्या प्रयोगांतून आला. शेळीच्या छातीवरून माणसाच्या छातीचा अंदाज बांधायचा आणि तो मातीच्या खड्ड्यात मोजायचा! तर्कशास्त्राच्या तासाला मी हे अनुमान फळ्यावर लिहिलं असतं तर पोरांनी मला सोलून काढलं असतं. तरी पन्नास वर्षं ते चाललंय, कारण त्याहून बरं काही सहज हाती लागलं नाही.

आता श्रेणी. इथे घोटाळा फार होतो. अमेरिकेच्या २००८ च्या मानकात दोन-अ, दोन, तीन-अ, तीन आणि चार अशा पातळ्या आहेत. ‘तीन-अ’ ऐकलं की वाटतं, तीनच्याच आसपासचं काहीतरी असणार. तसं नाही. तीन-अ पर्यंत सगळा पिस्तुल-रिव्हॉल्व्हरचा कारभार. तीनपासून रायफल सुरू होते, आणि मधली दरी मोठी आहे. पातळी दोनला ९ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३९८ मीटर वेगाने येते. पातळी तीनला ७.६२ ची ९.६ ग्रॅमची गोळी ८४७ मीटर वेगाने. वजनात फरक थोडा, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पाचपटींहून जास्त होते. २०२३ च्या नव्या मानकात त्यांनी हे आकडेच काढून टाकले आणि पिस्तुलाच्या व रायफलीच्या श्रेणींना सरळ वेगळी नावं दिली. शहाणपणाचं केलं.

अडवण्याची रीतही दोन्हीकडे वेगळी. मऊ जाकिटात केव्हलारसारख्या धाग्यांचे थर असतात. हा धागा स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ मध्ये शोधला. गोळी चपटी होते आणि जाळ्यात मासा अडकावा तशी अडकते. रायफलीच्या पोलादी गाभ्याच्या गोळीला हे जाळं पुरत नाही. तिथे पुढे सिरॅमिकची ताटली लागते. ती स्वतः तडकते, पण गोळीचा गाभा मोडते, आणि मागचा पॉलिमर तुकडे झेलतो.

आणि सुरा? मऊ जाकीट गोळी अडवतं म्हणून सुरा अडवेलच असं नाही. टोकदार पातं धाग्यांच्या मधून वाट काढतं. भोसकण्याच्या शस्त्रांसाठी मानकच वेगळं आहे. म्हणजे पिस्तुलाच्या गोळीला पुरून उरणारं आजचं जाकीट खानाच्या कट्यारीसमोर कदाचित फसलं असतं, आणि महाराजांचं कड्यांचं चिलखत रायफलीसमोर काहीच कामाचं नव्हतं. ‘चांगलं चिलखत’ असं नुसतं म्हणताच येत नाही. कशासमोर, ते आधी विचारायचं.

आपल्याकडे हा प्रश्न खऱ्या अर्थाने पेटला तो २६ नोव्हेंबर २००८ नंतर. हेमंत करकरे हेल्मेट आणि जाकीट चढवताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. थोड्या वेळाने कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. मग जाकिटाच्या दर्जावर प्रश्न उठले आणि ते जाकीटच गहाळ झाल्याचं उघड झालं. गोळ्या मानेच्या आणि खांद्याच्या भागात लागल्याचं शवविच्छेदनाच्या बातम्यांत आलं. तो भाग जाकिटाने मुळात झाकलेलाच नसतो. पण म्हणून दर्जाचा प्रश्न निकालात निघत नाही. वस्तूच समोर नसेल तर तपासायचं काय? माझ्या मते त्या प्रकरणातली सगळ्यात मोठी हानी हीच. एका घराला उत्तर मिळालं नाही आणि पुढच्या हजार जाकिटांना उपयोगी पडला असता तो पुरावा गेला. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळ्यांनी रायफलीची नळी हातांनी धरली. ते जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, म्हणजे या डोंगराच्या पलीकडचे. त्यांच्याजवळ लाठी होती.

भारताचं स्वतःचं मानक आलं ते २०१८ मध्ये, भारतीय मानक ब्यूरोचं, क्रमांक १७०५१. तोवर प्रत्येक खात्याच्या आपापल्या अटी, नाहीतर परदेशी मानकांचा आधार. यात सहा पातळ्या आहेत. एप्रिल २०२४ मध्ये संरक्षण संशोधन संस्थेच्या कानपूरच्या प्रयोगशाळेने सहाव्या पातळीचं जाकीट जाहीर केलं. चंदीगडच्या प्रयोगशाळेत त्याच्या पुढच्या ताटलीने ७.६२ बाय ५४ च्या चिलखतभेदी गोळ्यांचे सहा मारे झेलले. इकडे तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोट्यूब यांपासून ‘भाभा कवच’ निघालं.

आता माझ्या विषयाकडे येतो. युरोपात सोळाव्या-सतराव्या शतकात छातीपत्र्यावर पिस्तूल झाडून त्याचा पोचा तसाच ठेवत. गिऱ्हाइकाला दाखवायचं, बघा, हाच पत्रा टिकला. आज तसं करता येत नाही. ज्या ताटलीवर गोळी झाडली ती तडकली, म्हणजे गेली. शिपायाच्या अंगावर जी असते तिच्यावर कधीच गोळी झाडलेली नसते. तिच्या बहिणींवर झाडलेली असते. शितावरून भाताची परीक्षा आपण करतो, पण इथे शीत आणि भात एकाच हांडीतलं आहे याची हमी कारखान्याने द्यायची असते. म्हणून चाचणीच्या दाखल्याइतकाच घाणा क्रमांक महत्त्वाचा. त्यातही चाचणीचे आकडे संभाव्यतेचे. ज्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जातात तो वेग काढतात आणि त्याच्या बऱ्याच खाली राहतात.

शिवाय वस्तू म्हातारी होते. झायलॉन नावाचा धागा केव्हलारहून बळकट म्हणून आला. २००३ मध्ये अमेरिकेत एका पोलिसाच्या अंगावर असं जाकीट भेदलं गेलं. मग वापरलेली १०३ जाकिटं तपासली, त्यांतली ६० किमान एका गोळीला भेदली गेली. कारण होतं ऊब आणि दमटपणा. त्यानंतरच्या मानकात जाकीट आधी ६५ अंश उष्णतेत, ८० टक्के आर्द्रतेत, दहा दिवस फिरत्या पिंपात घोळवायचं आणि मगच गोळी झाडायची, अशी अट आली. पोलादपूरच्या पावसाळ्यात पेटीतल्या कपड्यांचं काय होतं, हे इथल्या आयाबहिणींना सांगायला नको. तेव्हा घरातल्या कुणाला जाकीट मिळालं असेल तर आतल्या शिवणीवरची चिठ्ठी त्याला वाचायला सांगा. पातळी कुठली आणि कुठल्या मानकाची, ताटली एकटी चालते की मऊ जाकिटासोबतच, घाणा कुठला, मुदत कधी संपते. ताटली पडली असेल, आपटली असेल तर वरचं कापड धडधाकट दिसलं तरी ती क्ष-किरणाने बघून घ्यायला हवी.

घड्याळ पुढे गेलंय. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर आहे, आधी ते बोला.