प्रकाशीय विलगक

प्रकाशीय विलगक किंवा ऑप्टिकल आयसोलेटर हा प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणारा घटक आहे. लेसरकडे उलट परतणारा प्रकाश अडवण्यासाठी तो प्रकाशतंतूंच्या दूरसंचार जाळ्यात वापरतात.

गरज

काच आणि हवा यांच्या सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. सैल जोड किंवा तुटलेला तंतू असे परावर्तन घडवतो. तंतूच्या काचेतूनही प्रकीर्णनामुळे थोडा प्रकाश सतत मागे येतो. लेसरच्या ज्या आरशातून प्रकाश बाहेर पडतो, त्यातूनच तो पुन्हा आत शिरतो. परिणामी तीव्रता अस्थिर होते, तरंगलांबी ढळते आणि संदेशात चुका वाढतात. जोडाचे टोक ८ अंशांनी तिरपे घासल्यास परावर्तन बरेच घटते. प्रकीर्णनावर मात्र त्याचा इलाज चालत नाही.

कार्यपद्धती

विलगकाचा आधार मायकेल फॅराडे यांनी १८४५ मध्ये शोधलेला परिणाम आहे: चुंबकीय क्षेत्रातील पारदर्शक पदार्थातून जाताना प्रकाशाचे ध्रुवणप्रतल फिरते. फिरण्याची दिशा चुंबकीय क्षेत्रावरून ठरते, प्रकाश कोणीकडून आला यावरून नव्हे. सारे मर्म येथेच आहे.

पहिल्या ध्रुवकातून आलेला प्रकाश ४५ अंश फिरतो आणि तेवढ्याच कोनात बसवलेल्या दुसऱ्या ध्रुवकातून निघून जातो. परतताना तो त्याच बाजूला आणखी ४५ अंश फिरतो. एकूण ९० अंश झाल्याने पहिला ध्रुवक त्याला अडवतो. तंतूतील प्रकाशाचे ध्रुवण निश्चित नसल्यामुळे तेथे ध्रुवकांऐवजी प्रकाशाचे दोन घटक वेगळे करणारे पाचरीच्या आकाराचे स्फटिक वापरतात. उलट येणारे घटक त्यांच्यामुळे एकत्र न येता तंतूच्या गाभ्याबाहेर पडतात.

३० डेसिबल क्षमतेचा विलगक परतणाऱ्या प्रकाशाचा एक हजारांश भागच पुढे सोडतो. ही क्षमता तरंगलांबी व तापमानानुसार बदलते.

उपयोग

दूर पल्ल्याच्या तंतुमार्गांवरील प्रवर्धकांतही विलगक असतात. अन्यथा परावर्तनामुळे प्रवर्धकच लेसरसारखा वागू लागतो. हेच तत्त्व तंतूंविना, मुक्त किरणांसाठीही वापरतात. अमेरिकेतील लायगो वेधशाळांच्या ४ किलोमीटर लांब भुजांच्या व्यतिकरणमापकात असे फॅराडे विलगक आहेत. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया प्रकल्पाची, ज्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये मंजुरी दिली, आखणी याच धर्तीवर आहे.