फुप्पीचे सात गुंठे

आपल्या बहुतेक खानदानांत शजरा तोंडपाठ असलेला एखादा बुजुर्ग असतो. बाप, दादा, परदादा अशी सहा-सात नावे तो न थांबता सांगतो. पण परदादांना मुली किती होत्या, त्या कोणत्या गावी दिल्या आणि कधी वारल्या, असे विचारले की तो थांबतो. वारशाचे जुने कागद शोधायला निघालेल्या माणसाची खरी अडचण इथेच सुरू होते.

सातपूरसारख्या ठिकाणी हा शोध आता अनेक घरांत चालू आहे. कुणाला जुन्या घराची वाटणी करायची असते, कुणाला वडिलोपार्जित शेताचा सातबारा दुरुस्त करायचा असतो. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आजोबांची वसियत कुठे मिळेल?" बहुतेक वेळा ती मिळत नाही, कारण ती केलेलीच नसते. शरियतमध्ये कफन-दफन आणि कर्ज वजा जाता उरलेल्या तरक्याच्या जास्तीत जास्त एक तृतीयांशापुरतीच वसियत करता येते. तीही वारसाच्या नावे केली, तर बाकीच्या वारसांची संमती लागते. मुलाबाळांचे हिस्से आधीच ठरलेले असल्यावर साधा शेतकरी वसियत कशाला लिहील? ज्याला हयातीतच काही द्यायचे असे, तो हिबा करी. हिबा तोंडी चालतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२९ ने मुसलमानांच्या हिब्याला लेखी दस्ताच्या सक्तीतून वगळले आहे.

ज्यांनी वसियत करून नोंदवली, त्यांची मात्र सापडते. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार मृत्युपत्रे दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळू शकते. ही दुसरी तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे.

इथे स्कॉटलंडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तिथले लोक पूर्वजांचा शोध मृत्युपत्रांपासून सुरू करतात, कारण १५१३ पासूनच्या नोंदी जपलेल्या आहेत आणि आता त्या संगणकावर पाहता येतात. पण १८६८ पर्यंत तिथे जमीन थेट मृत्युपत्राने देताच येत नसे. ती थोरल्या मुलाकडे जाई आणि तिची नोंद वेगळ्या दप्तरात होई. मृत्युपत्रात यायची ती जंगम मालमत्ता. बायको आणि मुले मागे असतील तर तिचेही तीन भाग पडत: एक बायकोचा, एक मुलांचा, आणि उरलेल्या तिसऱ्याचीच इच्छेप्रमाणे वाट लावता येई. एक तृतीयांशाची ही मर्यादा वाचून मला गंमत वाटली. नियमांची मुळे पूर्ण वेगळी आहेत, पण शोधणाऱ्याला धडा तोच मिळतो. मृत्युपत्राच्या मागे न लागता जमिनीचे दप्तर उघडावे.

आपल्याकडे ते दप्तर म्हणजे फेरफार, गाव नमुना ६. मुंबई प्रांतात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली आला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यात सामावला गेला. तेव्हापासून खातेदार वारला की वारसांची नावे फेरफाराने चढतात. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात जे आकडे दिसतात, ते फेरफाराचे क्रमांक. एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर, असे जावे. जुनी पाने मोडीत असतात, त्यामुळे वाचणारा गाठावा लागतो. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचा कागद हवा असेल तर अहमदनगरच्या, आणि मालेगाव-बागलाणकडचा असेल तर खानदेशच्या दप्तराकडे वळावे. त्याहून मागे, फारसी कागदात, नाशिकचे नाव गुलशनाबाद असे येते.

मला या फेरफारांची भाषा फार आवडते. 'बिन' म्हणजे मुलगा, हा अरबी शब्द विठोबाच्या मुलालाही लागतो आणि इब्राहीमच्या मुलालाही. 'वल्द' तसाच. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, क्वचित 'जौजे'. तलाठ्याने जसे कानाला ऐकू आले तसे लिहिले, म्हणून एकच खदीजा एका पानावर खतिजा असते आणि दुसऱ्यावर कदिजा. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता; हे दिसले की वारस त्या वेळी लहान होता हे कळते आणि वयाचा अंदाज बांधता येतो.

आणि एक अक्षरसमूह असा आहे, की तो दिसला की मी सावध होतो: 'ए.कु.मॅ.', एकत्र कुटुंब मॅनेजर. ही हिंदू एकत्र कुटुंबाची कल्पना. मुसलमान कायद्यात एकत्र कुटुंब नाही. माणूस वारताच प्रत्येक वारसाचा हिस्सा वेगळा होतो. तरी मुसलमानांच्या खात्यांवरही थोरल्या भावाचे नाव 'ए.कु.मॅ.' म्हणून चढलेले मी पाहिले आहे. धाकटे भाऊ त्यामागे झाकले जातात, आणि बहिणी तर 'लग्न होऊन सासरी नांदतात' एवढ्या एका ओळीत संपतात.

याला कायद्याचाही हातभार लागला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशन ४ नुसार रिवाज सिद्ध झाला तर तो आधी आणि धर्माचा कायदा नंतर. १८४७ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा समाजातील मुलींनी कुरआनप्रमाणे हिस्सा मागितला, तेव्हा न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलींना वगळणारा रिवाज ग्राह्य धरला. त्याच वेळी मेमन समाजाच्या प्रकरणातही तसेच झाले. १९३७ च्या शरियत कायद्याने रिवाजाची ही सत्ता मोडली, पण शेतजमीन वगळून. कारण १९३५ च्या घटनेत शेतजमिनीचा विषय प्रांतांकडे गेला होता. मद्रासने पुढे १९४९ मध्ये दुरुस्ती करून शेतजमीन आत घेतली. महाराष्ट्राने घेतली नाही. तरीही रिवाज आहे असे म्हणणाऱ्यालाच तो पुराव्याने सिद्ध करावा लागतो. नुसते 'आमच्यात मुलींना देत नाहीत' हे पुरत नाही.

आता हिशोब पाहा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. माणूस वारला, मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. बायकोला आठवा हिस्सा, पाच गुंठे. उरलेल्या पस्तीसमध्ये मुलाला दोन वाटे आणि मुलीला एक, म्हणजे मुलगे चौदा-चौदा आणि मुलगी सात. पण ही मुलगी बापाआधी वारली असेल, तर तिच्या मुलांना आजोबांच्या जमिनीत काही नाही, मुलगे साडेसतरा-साडेसतरा. ती बापाच्या दुसऱ्या दिवशी वारली असेल, तर तिचे सात गुंठे तिच्या नवऱ्याकडे, मुलांकडे आणि हयात असेल तर आईकडेही जातात. एका दिवसाच्या फरकाने सात गुंठे इकडचे तिकडे होतात. वाटणी न होता वारस वारत गेले, तर त्या हिशोबाला फराइजच्या इल्ममध्ये 'मुनासखा' म्हणतात. तीन पिढ्यांचा मुनासखा घेऊन गेलात, तर मुफ्तीसाहेबांचा पहिला प्रश्न हाच असतो: कोण कोणाच्या आधी वारले?

याचे उत्तर फेरफारात नसते, कोतवाल बुकात असते. गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हे पुस्तक अलीकडे सर्वांना माहीत झाले, पण आपल्या लोकांनी ते उघडलेले मी फारसे पाहिले नाही. फुप्पी सासरी वारली असेल, तर नोंद सासरच्या गावी शोधावी. निकाहनामा मिळाला तर जपावा: मेहर बाकी असेल तर ते कर्ज आहे आणि वाटणीआधी फेडायचे आहे. मेहराच्या बदल्यात जमीन दिली असेल, तर ती बाईची स्वतःची. तिच्या नवऱ्याच्या तरक्यात ती धरता येत नाही.

सातपूरकरांसाठी आणखी एक कागद आहे. साठच्या दशकापासून इथली शेते औद्योगिक वसाहतीत गेली, गाव १९८२ मध्ये महापालिकेत आले. शेत राहिले नसेल तर भूसंपादनाचा निवाडा मागावा. मोबदला कोणाकोणाला मिळाला, हक्क कोणी सांगितला, हे त्यात नावानिशी असते. आमच्या नात्यातल्या एका निवाड्यात एका बाईने हरकत घेतलेली आढळली. तिचे नाव घरात कोणालाच आठवत नव्हते. सातबाऱ्यावर ते कधीच आले नव्हते, पण हरकतीच्या रकान्यात बापाच्या नावासकट लिहिलेले होते, खाली डाव्या अंगठ्याची निशाणी.

तिचे नातू आता दुसऱ्या तालुक्यात आहेत. आम्ही नव्या शजऱ्यात तिचे नाव लिहिले आहे, आणि हिशोब मुफ्तीसाहेबांकडे दिला आहे.