आपत्कालीन लिफ्ट

इमारतीला आग लागली असता माणसांना खाली उतरवण्यासाठी किंवा अग्निशमन जवानांना वर नेण्यासाठी खास बांधलेली लिफ्ट. परभणी, सेलू, जिंतूरकडच्या दवाखान्यांत आणि अपार्टमेंटमध्ये सहसा दिसते ती साधी लिफ्ट. ‘आग लागल्यास लिफ्ट वापरू नये’ ही पाटी तिच्यासाठीच असते आणि ती पाळायलाच हवी. लिफ्टचा उभा डक्ट धुराड्यासारखा धूर ओढतो. वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकते. जळत्या मजल्यावर कुणी बटण दाबलेले असेल, तर ती नेमकी तिथेच थांबून दार उघडते.

तरीही लिफ्टने जीव वाचले आहेत. 1974 मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलोच्या जोएल्मा इमारतीला आग लागली, तेव्हा लिफ्टचालकांनी फेऱ्या मारून सुमारे 300 जणांना खाली आणले. दुबईच्या बुर्ज खलिफात तर सुटकेसाठी वापरता येतील अशा लिफ्टची सोय आराखड्यातच केली गेली.

भारतातील राष्ट्रीय इमारत संहिता उंच इमारतींत ‘फायर लिफ्ट’ मागते : किमान 545 किलो वजन पेलणारी, साधारण मिनिटभरात वरच्या मजल्यावर पोहोचणारी, पर्यायी वीजपुरवठा असलेली. तळमजल्यावर तिचा ‘फायरमन स्विच’ असतो. तो फिरवला की मजल्यांवरच्या बटणांचे काही चालत नाही. लिफ्ट खाली येते आणि जवानांच्या ताब्यात जाते. महाराष्ट्रात 70 मीटरहून उंच इमारतींसाठी सुटकेची वेगळी लिफ्टही सक्तीची आहे.

हे सारे नियम उंची मोजतात. विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात 23 एप्रिल 2021 च्या पहाटे अतिदक्षता विभागाला आग लागली. विभाग होता दुसऱ्या मजल्यावर, आणि त्या दिवशी 13 रुग्ण दगावले. प्राणवायूवर असलेल्या माणसाला दोन मजल्यांचा जिनाही उतरता येत नाही. म्हणून मजले कितीही असोत, वर रुग्ण ठेवणाऱ्या दवाखान्यात स्ट्रेचर मावेल अशी, आगीत टिकणारी लिफ्ट असायला हवी.

तोवर भिस्त जिन्यावरच. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. दवाखान्यात आपला माणूस दाखल केल्यावर नातेवाइकांनी ते विचारावे आणि दुसऱ्या जिन्याचे दार उघडते का, हे स्वतः ढकलून पाहावे.